'गणक' शब्दाचे स्त्रीलिंग : आरंभीच्या संगणनातील विस्मृत स्त्रिया

१

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावर उतरून समुद्राच्या दिशेने गेले म्हणजे तारापूरचे अणुविद्युत केंद्र लागते. या केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या उभारणीसाठी १९६४ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला आणि १९६९ च्या ऑक्टोबरात तेथून विजेचा व्यापारी पुरवठा सुरू झाला. या घटनेचा इतिहास सांगताना करार, यंत्रसामग्री व इंधन यांचा उल्लेख हटकून होतो. तथापि अणुभट्टी ही जितकी पोलादाची व काँक्रीटची तितकीच अंकगणिताचीही निर्मिती असते. भट्टीत किती न्यूट्रॉन निर्माण होतात, किती शोषले जातात आणि किती बाहेर निसटतात, याचा हिशोब आधी बसावा लागतो. भट्टी मागाहून उभी राहते. हा हिशोब यंत्राकडून करवून घेण्याची परंपरा १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, आणि तिच्या उगमाशी आपण गेलो तर तेथे काही स्त्रिया भेटतात. त्यांची नावे पुढील पन्नास वर्षे फारशी कोणास ठाऊक नव्हती.

त्या स्त्रिया कोण होत्या, हे आता बऱ्याच अंशी उजेडात आले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा वेगळा आहे. त्या विस्मृतीत गेल्या कशा, हा येथील प्रश्न आहे. कोणी हेतुपुरस्सर त्यांची नावे खोडली असे क्वचितच आढळते. पदनामे, आद्याक्षरे, ऋणनिर्देश आणि आडनावे या लेखनाच्या साध्या सवयींनीच ते काम केले. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालावे, याचे कारणही हेच होय.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'कंप्यूटर' हा इंग्रजी शब्द सतराव्या शतकापासून माणसासाठी वापरला जात होता. हिशोब करणारी व्यक्ती ती 'कंप्यूटर'. आपल्या देशातही हे पदनाम जुने आहे. राधानाथ सिकदर हे १८३१ साली भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणात रुजू झाले ते 'कंप्यूटर' म्हणूनच, आणि हिमालयातील सर्वोच्च शिखराच्या उंचीचा हिशोब त्यांच्या नावाशी जोडला जातो. म्हणजे यंत्राला हा शब्द मिळण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे तो आपल्याकडे माणसाचा हुद्दा होता.

मराठीत व संस्कृतात या अर्थाचा शब्द 'गणक'. गणित करणारा, ज्योतिषी, असे त्याचे अर्थ आहेत. लेखक–लेखिका, गायक–गायिका, शिक्षक–शिक्षिका या नियमाने 'गणक' शब्दाचे स्त्रीलिंग 'गणिका' असे व्हावयास हवे. पण तो शब्द कोशांत वारांगना या अर्थाने आधीच व्यापलेला आहे. परिणामी हिशोब करणाऱ्या स्त्रीसाठी आपल्या भाषेत सरळ शब्दच उरला नाही. पुढे यंत्रासाठी 'गणकयंत्र' आणि मग 'संगणक' हे शब्द रूढ झाले; तेव्हा 'तो संगणक' हे पुल्लिंग कोणाला खटकले नाही. फिलाडेल्फियातील स्त्रियांवर झालेल्या अन्यायाचे कारण मराठी व्याकरणात शोधणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. परंतु जिला नाव नाही ती वस्तू नोंदीत येत नाही, हा अनुभव कोशकाराला नवा नाही. आणि जी नोंदीत येत नाही ती इतिहासातही येत नाही.

३

आता मूळ घटनेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर अभियांत्रिकी विद्यालयात सैन्यासाठी तोफांची कोष्टके तयार करण्याचे काम चाले. एका गोळ्याच्या एका मार्गाचा हिशोब हाताने, मेजावरच्या गणनयंत्राच्या साहाय्याने करण्यास सुमारे ३० ते ४० तास लागत. या कामावर सुमारे ८० स्त्रिया होत्या व त्यांचे पदनाम 'कंप्यूटर' असे होते. हे काम वेगाने व्हावे म्हणून त्याच विद्यालयात १९४३ पासून 'एनिॲक' हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधण्यात येऊ लागले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या.

१९४५ साली या स्त्रियांतून सहा जणींची निवड यंत्रावर काम करण्यासाठी झाली. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. मॅकनल्टी यांचा जन्म आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात १९२१ साली झाला. लहानपणी अमेरिकेत आल्या तेव्हा त्यांना फक्त आयरिश भाषा येत होती. जेनिंग्ज मिसूरी राज्यातील शेतकरी घरातल्या. स्नायडर यांनी विद्यापीठात वृत्तविद्येचा अभ्यास केला होता.

या सहा जणींना कोणती पुस्तिका देण्यात आली नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती. यंत्राचे आराखडे पुढे ठेवण्यात आले आणि त्यांवरून यंत्र कसे चालते हे त्यांनी स्वतः शोधून काढावयाचे होते. आज्ञावली लिहिण्याची भाषाही तेव्हा निर्माण झाली नव्हती. प्रत्येक गणितासाठी तारा जोडावयाच्या, कळा फिरवावयाच्या, कोणता भाग कोणत्या क्षणी चालू व्हावा याचा क्रम बसवावयाचा, असे हे काम होते. यंत्रात बिघाड झाला तर अठरा हजारांपैकी नेमकी कोणती नलिका निकामी झाली, येथपर्यंत त्या माग काढू शकत. ज्याला आज आपण 'प्रोग्रॅमिंग' म्हणतो ते शास्त्र या स्त्रिया काम करता करता घडवीत होत्या.

१९४६ च्या फेब्रुवारीत यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. गोळा लक्ष्यावर पोचण्यापूर्वीच त्याच्या मार्गाचा हिशोब यंत्राने पुरा करून दाखविला आणि पाहुणे थक्क झाले. ते गणित यंत्रावर बसविण्याचे काम स्नायडर व जेनिंग्ज यांनी केले होते. त्या रात्री मेजवानी झाली. तिचे निमंत्रण या स्त्रियांना नव्हते. वृत्तपत्रांतून यंत्राची व अभियंत्यांची वर्णने आली. छायाचित्रांत स्त्रिया दिसत होत्या, पण त्या कोण हे कोणी सांगितले नाही.

पुढे सुमारे चाळीस वर्षांनी, १९८० च्या दशकात, कॅथी क्लायमन या हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थिनीने ती छायाचित्रे पाहून विचारले की या कोण आहेत. जाणकारांकडून तिला उत्तर मिळाले ते असे की, यंत्र शोभून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या या मॉडेल असाव्यात. शीतकपाटाच्या जाहिरातीत असतात तशा. तिने त्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही व त्या स्त्रियांचा शोध घेतला. १९९६ साली बार्कली फ्रिट्झ यांनी, आणि १९९९ साली जेनिफर लाइट यांनी या विषयावर महत्त्वाचे लेख प्रसिद्ध केले. १९९७ साली या सहा जणींचा जाहीर गौरव झाला. क्लायमन यांचे यावरील पुस्तक २०२२ साली निघाले.

तारापूरच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट १९४८ ची आहे. तोवर एनिॲक यंत्र मेरीलँड राज्यात ॲबर्डीन येथे हलविण्यात आले होते. साखळी प्रक्रियेत न्यूट्रॉन कसे पसरतात याचे गणित, 'माँटे कार्लो' या नव्या पद्धतीने, त्या वर्षी या यंत्रावर करण्यात आले. त्यासाठी यंत्राला समजेल अशा आज्ञा लिहिण्याचे मुख्य काम क्लारा फॉन नॉयमान यांनी केले. त्यांचे पती जॉन फॉन नॉयमान यांचे नाव संगणकशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

४

असे का झाले, याचा विचार करताना लेखनाच्या चार सवयी स्पष्ट दिसतात.

पहिली सवय पदनामाची. या स्त्रियांची सरकारी श्रेणी 'उपव्यावसायिक' अशी होती. यंत्र बांधणारा अभियंता व्यावसायिक, आणि ते यंत्र चालते करणारी त्याच्या खालची, असा विभाग काम सुरू होण्यापूर्वीच ठरून गेला होता. पुढे 'कंप्यूटर' हा शब्दच यंत्राकडे गेला आणि माणसे 'ऑपरेटर' म्हणून उरली. हुद्द्यावरून कामाची योग्यता ठरविणाऱ्या इतिहासकाराने मग त्यांच्याकडे पाहण्याचे कारण नव्हते.

दुसरी सवय आद्याक्षराची. १९५३ साली रसायनभौतिकीच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंध आज 'मेट्रोपोलिस पद्धती' या नावाने सर्व विज्ञानशाखांत वापरला जातो. त्याच्या पाच लेखकांत 'ए. डब्ल्यू. रोझेनब्लूथ' आणि 'ए. एच. टेलर' ही दोन नावे आहेत. या दोघी स्त्रिया होत्या : आरियाना रोझेनब्लूथ आणि ऑगस्टा टेलर. लॉस ॲलॅमॉस येथील 'मॅनिॲक' यंत्रावर ते गणित बसविण्याचे काम आरियाना यांनी केले. वयाच्या एकविसाव्या वर्षी हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेली ही विदुषी दोन आद्याक्षरांमागे निम्मे शतक दडून राहिली, आणि पद्धतीला नाव मिळाले ते यादीतील पहिल्या लेखकाचे.

तिसरी सवय ऋणनिर्देशाची. १९५५ साली फेर्मी, पास्टा व उलाम यांच्या नावाने एक प्रसिद्ध अहवाल निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन याद्या आहेत. काम करणाऱ्यांच्या यादीत 'एम. त्सिंगू' हे चौथे नाव आहे. अहवाल लिहिणाऱ्यांच्या यादीत ते नाही. आतल्या तळटीपेत मात्र कुमारी मेरी त्सिंगू यांचे, गणित यंत्रावर बसवून चालविल्याबद्दल, आभार मानलेले आहेत. श्रेयाच्या जागी केवळ आद्याक्षर आणि आभाराच्या जागी 'कुमारी' या उपपदासह पूर्ण नाव, हा भेद लक्षात घेण्यासारखा आहे. २००८ साली तिएरी दोक्स्वा या फ्रेंच संशोधकाने या प्रश्नात त्सिंगू यांचेही नाव जोडले जावे असे सुचविले. १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या अनिश्चिततेविषयी जो युगप्रवर्तक निबंध लिहिला, त्याच्या शेवटीही कुमारी एलेन फेटर यांचे असेच आभार आहेत. त्यांच्या आधी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ते काम मार्गारेट हॅमिल्टन पाहत असत. चंद्रयानाच्या आज्ञावलीमुळे त्या पुढे विख्यात झाल्या.

चौथी सवय आडनावाची. एनिॲकवरील सहाही स्त्रियांची विवाहानंतर आडनावे बदलली. जेनिंग्ज बार्टिक झाल्या, स्नायडर होल्बर्टन झाल्या. १९४५ च्या कागदांतील नाव आणि १९८५ च्या दूरध्वनी-सूचीतील नाव यांचा मेळ बसविणे, हे संशोधकाचे अर्धे काम होऊन बसते.

काळच तसा होता, असे उत्तर यावर देण्यात येते. ते पुरते खरे नाही. त्याच काळात, १९४७ साली, इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात सेसिल पॉवेल यांच्या गटाने 'पायॉन' या कणाचा शोध लावला. छायाचित्रपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास तपासण्याचे काम तेथेही स्त्रियाच करीत. पण छापलेल्या चित्राखाली, हे निरीक्षण कोणाचे, हे त्या स्त्रीच्या नावानिशी सांगण्याचा त्यांचा प्रघात होता. म्हणून मारिएटा कुर्झ हे नाव आज शोधावे लागत नाही. ते निबंधातच आहे. चित्राखालची एक ओळ पुरेशी होती, आणि ती लिहिणारे लोक त्या काळातही होते.

५

आपल्या शास्त्राला या बाबतीत हात झटकता येणार नाहीत. भाषेच्या अभ्यासात यंत्राचा वापर सुरू करण्याचे श्रेय रोबेर्तो बुझा या इटालियन धर्मोपदेशकांना देण्यात येते. सेंट थॉमस ॲक्विनस यांच्या ग्रंथांतील सर्व शब्दांची सूची त्यांनी १९४९ पासून आयबीएम कंपनीच्या साहाय्याने तयार करण्यास घेतली. एक कोटीहून अधिक शब्द छिद्रपत्रांवर उतरविण्याचे काम उत्तर इटलीतील गाल्लाराते गावच्या तरुण मुलींनी केले. लंडनमधील ज्युलियान नायहान व मेलिसा टेरास यांनी अलीकडे त्या मुलींचा शोध घेतला, तेव्हा जुन्या छायाचित्रांत पाहुण्यांची नावे होती आणि यंत्रावर बसलेल्या मुलींची नव्हती.

ऋणनिर्देश हेच साधन मानून किती काम करता येते, याचा उत्तम नमुना २०१९ साली अमेरिकेत पुढे आला. एमिलिया ह्वेर्ता-सांचेस आणि रोरी रोल्फ्स या दोन प्राध्यापिकांनी आपल्या पदवीवर्गातील विद्यार्थ्यांना सोबत घेऊन लोकसंख्या-आनुवंशिकीच्या एका नियतकालिकाचे १९७० पासूनचे वीस वर्षांचे अंक चाळले. त्यांनी लेखकांची नावे मोजली आणि आज्ञावली लिहिल्याबद्दल ज्यांचे आभार मानले होते त्यांचीही मोजली. १९७० च्या दशकात लेखकांमध्ये स्त्रिया ७ टक्के होत्या. आभारातील प्रोग्रॅमरांमध्ये ५९ टक्के. या अभ्यासाला ना मोठे अनुदान लागले, ना गुप्त दप्तर उघडावे लागले. ग्रंथालयातील अंकांची शेवटची पाने वाचणे पुरेसे होते.

६

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ साली एक पथदर्शी गणकयंत्र तयार झाले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. या यंत्रात २,७०० नलिका, १,७०० डायोड व १२,५०० रोधक होते, ही माहिती त्याच्या बहुतेक वर्णनांत मिळते. यंत्राचे सुटे भाग मोजले गेले. त्यावर गणिते बसविणाऱ्या, छिद्रे पाडणाऱ्या व कोष्टके तपासणाऱ्या माणसांची गणती त्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. हीच गोष्ट पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाची. १९४८ पासून जमविलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांवरील अक्षर कोणाकोणाचे आहे, हा प्रश्न कोशाइतकाच मोलाचा आहे.

मराठीतून असा शोध घेणाऱ्याने आपल्या भाषेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवावीत. पहिले क्रियापदाचे. वर्तमानकाळात 'तो हिशोब करतो', 'ती हिशोब करते' असा लिंगभेद मराठी क्रियापद स्पष्ट दाखविते. भूतकाळात मात्र सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते : 'त्याने हिशोब केला', 'तिने हिशोब केला'. त्यातच कर्ता आदरार्थी आडनावाने आला, 'हा हिशोब जोशी यांनी केला', म्हणजे हे जोशी पुरुष की स्त्री हे कळण्यास मार्गच उरत नाही. आणि 'हिशोब करण्यात आला' या आपल्या आवडत्या प्रयोगात तर कर्ताच नाहीसा होतो. इतिहास भूतकाळात लिहिला जातो. म्हणून मराठीत इतिहास लिहिणाऱ्याने कर्त्याचे पूर्ण नाव मुद्दाम लिहिले नाही, तर व्याकरण त्याच्या वतीने ते लिहीत नाही.

दुसरे वैशिष्ट्य नावाचे. पाश्चात्त्य स्त्रीचे विवाहानंतर आडनाव बदलते. आपल्याकडे आडनाव बदलते, मधले नाव पित्याऐवजी पतीचे होते, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून मुलीचे स्वतःचे नावही बदलण्याची रीत होती. १९५८ च्या एखाद्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात 'कु.' म्हणून आलेली व्यक्ती १९६५ च्या नोकरपटात तीनही शब्द बदलून आलेली असू शकते. अशा शोधात महाविद्यालयाच्या प्रवेशनोंदी, वसतिगृहाच्या वह्या, विवाहपत्रिका व माहेरच्या माणसांच्या आठवणी ही साधने दप्तरापेक्षा अधिक उपयोगी पडतील. त्या पिढीतील स्त्रिया आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

७

या लेखाच्या शेवटी एक कबुली देणे अगत्याचे आहे. माझा स्वतःचा प्रबंध चिंचणी–तारापूर किनारपट्टीवरील बोलीच्या शब्दसंपत्तीवर होता. ध्वनिमुद्रणावरून उतरविलेल्या हजारो नोंदी संगणकावर चढविण्याचे काम बोईसरच्या दोन तरुण मुलींनी केले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक, ग्रंथपाल व कुटुंबीय यांची नावे आहेत; त्यानंतर 'टंकलेखनास साहाय्य करणाऱ्या सर्वांचे आभार' असे एक वाक्य आहे. ते मीच लिहिले.

हा लेख लिहिण्यास घेतल्यावर त्या दोघींचा शोध सुरू केला. पहिली विवाहानंतर कोठे गेली याचा पत्ता अद्याप लागलेला नाही. दुसरी पालघरला भेटली. तिला ते काम चांगले आठवत होते. ती म्हणाली, "तुम्ही मासेमारीतले दोन निरनिराळे शब्द एकाच नोंदीत घातले होते. उच्चार सारखा, पण आमच्या घरी ते दोन वेगळे शब्द आहेत. मी ते वेगळे करून टाकले. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा बरोबर असेल असे वाटले." घरी येऊन प्रबंध उघडला. नोंदी खरोखरच दोन होत्या. तिसऱ्या प्रकरणातील एक निष्कर्ष, ज्याबद्दल परीक्षकांनी मला शाबासकी दिली होती, त्या दोन नोंदींच्या भेदावर उभा आहे.

टंकलेखन म्हणून ज्याची बोळवण झाली ते काम प्रत्यक्षात काय होते, हे मला फिलाडेल्फियाचा इतिहास वाचून जेवढे उमगले नव्हते तेवढे त्या दिवशी उमगले. प्रबंधाची सुधारित आवृत्ती छापावयाची आहे. तिच्या तिसऱ्या प्रकरणात, त्या दोन नोंदींच्या खाली, हा भेद कोणी दाखविला ते पूर्ण नावानिशी लिहिण्याची परवानगी मी त्या बाईंकडे मागितली आहे. माहेरचे नाव लिहू की सासरचे, असे विचारले असता त्यांनी दोन्ही लिहा असे सांगितले.